चित्राखालची दोन बोटं जागा

मला हात काढता येत नाहीत. नाक मी एका झटक्यात काढते, पोट काढते, टकलावरचे तीन केस काढते, चपलेचा तुटलेला अंगठासुद्धा काढते. पण हात आला की पेन अडतं. पाच बोटं काढायला जावं तर केळ्यांचा घड होतो. म्हणून माझ्या चित्रांतल्या बाया हात पदराखाली घेऊन उभ्या असतात आणि पुरुष हात मागे बांधून. एक बाई मला म्हणाल्या होत्या, तुमच्या चित्रांतली माणसं किती नम्र हो. मी म्हटलं, नम्र-बिम्र काही नाही, मलाच येत नाही.

शिकवलं तर कुणीच नाही. लग्न होऊन अमरावतीला आले, मुलगा झाला, तो शाळेत जायला लागला, आणि त्याची पाटी दुपारी रिकामी पडलेली असायची. वरण शिजेपर्यंत बाईनं करायचं काय? वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात हास्यचित्र येतं ना, त्यातली नाकं मी पाटीवर गिरवायची. मग शेजारणीचं नाक. मग दूधवाल्याचं. मग घरच्या माणसांची, म्हणजे जरा धाडस झाल्यावर. संध्याकाळी मुलगा पाटी पुसून गणितं करायचा आणि माझी माणसं जायची. ह्यांच्या ते लक्षात आलं. हे म्हणजे माझे यजमान. सरकारी कचेरीत कारकून होते. तिथं रद्दीत निघालेले पाठकोरे कागद ते घेऊन यायला लागले. एका बाजूला छापलेलं, दुसरी बाजू कोरी. त्यामुळे माझ्या प्रत्येक चित्राच्या पाठीवर कुठलं तरी अर्धं परिपत्रक आहे. चित्र उन्हात धरलं तर माणसाच्या पोटातून ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ असं दिसतं.

आमची एक रीत पडून गेली होती. मी दुपारी चित्र काढायची आणि खाली दोन बोटं जागा सोडायची. संध्याकाळी हे घरी आले की चहाच्या बशीजवळ कागद ठेवायची. मी सांगायची नाही की हे काय आहे, आणि ते विचारायचे नाहीत. चष्मा कपाळावर चढवायचे, कागद नाकाजवळ न्यायचे, चहा फुंकायचे. हसायचे तर मुळीच नाहीत. मग एक वाक्य बोलायचे. ते वाक्य ऐकून मी ओट्याला धरून हसायची, डोळ्यांतून पाणी यायचं. आणि माझं हसून होईतो ते खिशातलं पेन काढून त्या दोन बोटं जागेत लिहायचे. अक्षर असं की छापलेलं वाटावं.

पण लिहायचे ते वेगळंच.

आता बघा. पंगतीचं एक चित्र आहे. एक पाहुणा पानावर हात आडवा धरून ‘नको नको’ म्हणतोय. हात माझा नेहमीसारखाच, भाकरीएवढा. समोर वाढपी जिलब्यांची परात घेऊन. हे म्हणाले, “नाई नाई म्हनते, आन् दोन बोटायच्या मंधातून जिलब्या मोजते.” आणि खाली लिहिलं काय, तर ‘नकारात्मक प्रतिसाद’.

दवाखान्यात बाकड्यावर ओळीनं बसलेले लोक एकमेकांना आपापली साखर सांगताहेत, आणि शेवटचा एक तोंड पाडून बसलाय. हे म्हणाले, “याची शुगर त्याच्याएवढी भरली नाई, म्हनून हा उदास झाला.” लिहिलं, ‘तुलनात्मक तक्ता’.

आम्ही एकदा चिखलदऱ्याला गेलो होतो, आणि तिथं धुकं इतकं की दरीच्या जागी नुसता पांढरा पडदा. मी पाच माणसांच्या पाठी काढल्या, हात पुढे बांधलेले, आणि पुढे कोरा कागद सोडला. माझ्या आयुष्यातलं सर्वांत सोपं चित्र. हे म्हणाले, “इतक्या लंबून आलो, थोडं तरी दाखवा ना बाप्पा.” लिहिलं, ‘निसर्गदर्शन’.

मी एकदा विचारलंही, अहो, बोलता तेच का नाही लिहीत? ते म्हणाले, “कागदावर शुद्ध पायजे.” झालं, तेवढंच. त्यांच्या तरुणपणी कचेरीनं त्यांना शिक्षणवर्गाला पुण्याला पाठवलं होतं. तिथं हे उठून काहीतरी विचारायला लागले आणि सगळा वर्ग हसला. हे काही विनोद करत नव्हते, जेवणाची वेळ विचारत होते. घरी, दारात, बाजारात आपलं वऱ्हाडी बोलणं त्यांनी तसूभर बदललं नाही. पण कागदावर ते बोलणं नंतर कधी उतरू दिलं नाही. आणि मी काय केलं? मी अक्षराचं कौतुक करत राहिले. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची, बघा हो कसं वळणदार आहे. तोंडानं बोललेलं कुठं टिपून ठेवावं, हे मला एकदाही सुचलं नाही. रोजचं बोलणं कुणी टिपून ठेवतं का? उद्या पुन्हा बोलणारच आहेत, असंच धरून चालतो आपण.

तीन वर्षं झाली त्यांना जाऊन.

चित्रं काढायची मी थांबले नाही. दोनेक महिने पेनाला हात लावला नाही, मग एका दुपारी आपोआपच एक नाक निघालं. पण प्रत्येक चित्राखाली दोन बोटं जागा सुटते. मी ठरवून सोडत नाही, हातच तिथं थांबतो. अशी चाळीसेक चित्रं झाली, खाली कोरी. मी स्वतः लिहून पाहिलं. जे लिहायची ते दुसऱ्या दिवशी वाचलं की वाटायचं, हे तर चित्रात दिसतंच आहे, सांगायला कशाला हवं? खोडून टाकायची.

यंदा संक्रांत झाल्यावर आमच्या भागातल्या वाचनालयाच्या बाई घरी आल्या. हळदीकुंकवाला मुलाच्या खोलीतली चित्रं त्यांनी पाहिली होती. म्हणाल्या, काकू, आठ दिवस वाचनालयाच्या भिंतीवर लावू तुमची चित्रं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग नवीन चित्रं चाळता चाळता त्या म्हणाल्या, “याच्याखाली काई नाई का? लोकं उभे राहून विचारतीन, हे काय होय म्हनून.” मी म्हटलं, लिहिते.

लिहिते म्हटलं खरं, पण लिहिणार कोण?

मला एकच माणूस आठवलं. ह्यांची धाकटी बहीण, माझी नणंद, अकोल्याला असते. तिची जीभ भावासारखीच. किंबहुना भावापेक्षा चार बोटं लांब. आमचं लग्न झालं तेव्हा ती शाळेत होती, आणि पहिल्याच दिवशी तिनं माझ्या पोळीकडे बघून विचारलं होतं की वहिनी, हा कोनता जिल्हा काढला? मला वाटलं, ही लिहून देईल. आणि मनातलं सांगायचं तर नुसत्या ओळी मला नको होत्या. तो आवाज पुन्हा एकदा कानावर पडावा, असं होतं. चित्र ठेवावं आणि पलीकडून कुणीतरी न हसता एक वाक्य बोलावं.

फेब्रुवारीत एसटीनं निघाले. मांडीवर पिशवी, पिशवीत नवीन चित्रं, आणि जुनीही, कशा ओळी असायच्या ते तिला दाखवावं म्हणून. डब्यात गिला वडा नेला होता, दही वेगळं. मूर्तिजापूरपर्यंत दही सांडू नये म्हणून डबा उभा धरला, आणि नंतर झोप लागली तेव्हा तो आडवा झाला. चित्रांना काही झालं नाही. परकराला झालं.

नणंदेनं दार उघडलं आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“काय व वहिनी, दही लावून आली अंगाले? पंचामृताची पूजा हाये का कुठी?”

“आधी आत तर घे.”

“ये माय. वडे वाचले का?”

“वाचले.”

“मग काई चिंता नाई.”

जेवणं झाली. फेब्रुवारीतच अकोल्याचं ऊन डोळ्यांवर येतं, म्हणून तिनं खिडकीला ओली चादर लावली होती. आम्ही दोघी खाली सतरंजीवर बसलो आणि मी जुनी चित्रं आधी पसरली. ती गुडघ्यावर हनुवटी ठेवून एकेक बघायला लागली. चित्र बघायची, खालची ओळ वाचायची, पुढचं घ्यायची. हसली नाही. सात-आठ चित्रं झाली तेव्हा तिनं मान वर केली.

“हे दादानं लिवलं?”

“हो. अक्षर नाही का ओळखत?”

“अक्षर दादाचंच हाये. पन हा दादा कुठी हाये याच्यात? हा तर साहेबाची सही राह्यली असा कागद वाटते मले.”

मला राग आला. इतकी वर्षं मी जे लोकांना दाखवत होते, त्याला ही असं म्हणते. मी म्हटलं, “अगं, हे लिहिण्याआधी ते बोलायचे. ते निराळं असायचं.”

“काय बोले?”

मी जिलबीचं सांगितलं. तिनं एकदम पदर तोंडाला लावला. शुगरचं सांगितलं. ती सतरंजीवर आडवी झाली. चिखलदऱ्याचं सांगितलं तेव्हा ती हसता हसता रडायला लागली, आणि मग नुसतीच रडायला लागली. मी पाणी दिलं. पाणी पिऊन ती म्हणाली, “वहिनी, मले दादाचा आवाज रोज आयकू येते. सकायी उठली का येते. पन तो काय बोलून राह्यला, हे येत नाई. बोल सारे तुह्याजोळ हायेत, आन् तू थे मनात घेऊन बसली.”

मग ती उठली, नातवाच्या दप्तरातून पिवळ्या कागदाच्या पट्ट्या आणि डिंकाची बाटली घेऊन आली.

“लिव. ह्या पट्टीवर त्याचा खरा बोल लिव, आन् त्या सायबी अक्षरावर चिकटव.”

“त्यांच्या अक्षरावर?”

“मंग? भित्तीवर त्याचा बोल लागला पायजे, का सरकारी टिपन?”

मी पट्टी हातात घेतली. जिलबीचं वाक्य लिहिलं. माझं अक्षर काही वळणदार नाही, उतरंडीसारखं खाली घसरत जातं. पट्टी ‘नकारात्मक प्रतिसाद’वर धरून पाहिली. ओळ बरोबर झाकली गेली. चित्र एकदम बोलायला लागलं, हे खरं. आणि त्यांच्या पेनाची शाई दिसेनाशी झाली, हेही खरं. न च्या गाठीला ते थोडं जास्त दाबायचे, तिथं कागद मागून उमटलेला आहे. मी बोट फिरवून पाहिलं. डिंकाचं झाकण पुन्हा लावलं.

“नाही जमायचं,” मी म्हटलं.

“कावून?”

“मग माझ्याकडे त्यांच्या हातचं काय राहील?”

बराच वेळ आम्ही दोघी त्या चित्राकडे बघत बसलो. एक माणूस पानावर भाकरीएवढा हात धरून बसलेला, आणि आम्ही दोन म्हाताऱ्या त्याच्यासमोर सुतक धरल्यासारख्या. ते असते तर यावरही काहीतरी बोलले असते.

शेवटी तिनंच तोड काढली. पट्टी झाकायची नाही, खाली जोडायची. वर त्यांची ओळ, तिच्याआधी ‘लेखी’. खाली माझ्या अक्षरात त्यांचं बोलणं, तिच्याआधी ‘तोंडी’. कचेरीत एखादी सूचना जशी लेखी आणि तोंडी असते तशी. “दादाले आवडलं असतं,” ती म्हणाली. “दोन्ही रुजू केलं.”

मग आम्ही लिहीतच सुटलो. मी सांगायची आणि लिहायची, ती चिकटवायची. मला वाटलं नव्हतं इतकं सगळं डोक्यात होतं. चित्र पुढे आलं की वाक्य यायचं, कोणत्या दिवशी, चहा गोड झाला होता की अगोड, तेसुद्धा यायचं. अकोल्याच्या डाळमिलमधून पन्नास किलो तूरडाळ मागे बांधून निघालेली स्कूटर, आणि त्या पोत्यावर बसलेली बायको. लेखी, वाहनाची क्षमता. तोंडी, गाडीले वाटते बाई उतरन, बाईले वाटते पोतं उतरन. नणंद म्हणाली, हे चित्र माह्यंच होय, मले मालूम हाये. मी नाही म्हटलं. पण ते तिचंच होतं.

मग कूलरचं आलं.

हे त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यातलं. बनियनवर उभे राहून हे नळीनं कूलरमध्ये पाणी भरताहेत, पाणी सगळं पायावर चाललंय, आणि कूलर कोरडाच. मी त्यांचंच चित्र काढून त्यांच्याच बशीजवळ ठेवलं होतं. खाली त्यांचं अक्षर, जरा थरथरलेलं, ‘पाणीपुरवठा सुरळीत’. त्या दिवशी बोलले ते मला चांगलं आठवतं, म्हणजे मी किती हसले ते आठवतं. हसताना माझा हात बशीला लागला, चहाचा डाग अजून कोपऱ्यात आहे. ते कुठं बसले होते ते आठवतं. कपाळावर चष्मा होता. तोंड उघडलं. आणि पुढे काहीच येत नाही.

“बोल ना,” नणंद म्हणाली. पट्टीला डिंक लावून बसली होती.

“थांब जरा.”

“काय बोलला?”

“येत नाही ग.”

डिंक वाळला. तिनं दुसरी पट्टी घेतली. म्हणाली, “असं असन. कूलर राह्यला बाजूले, आधी मानूस थंडा झाला.” मी मान हलवली. “मंग असं. कूलरले तान नाई लागली, मले लागली होती.” नाही. “बरं. अकोल्याचा असता तर टाकीतच जाऊन बसला असता.” यावर मी हसले, पण हे नव्हतं.

“तूच कावून म्हनतं नाई नाई? मी बहीन होय त्याची. एका ताटात जेवलो आमी. त्याले जे सुचे थे मले सुचते. चांगला हाये ना हा टाकीचा? लिव.”

“चांगला आहे. पण तो तुझा आहे.”

“कोनाले समजन?”

“मला.”

तिनं डिंकाची बाटली खाली ठेवली, जरा जोरातच. मग उठून चहा टाकायला गेली. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला. मला वाटलं, हिला लागलं. भावाच्या तोंडून बोलायचा तिचाही हक्क आहे, आणि मी तो नाकारला. पण मी दुसरं काय करणार? तिचं वाक्य ‘तोंडी’पुढे चिकटवलं असतं तर महिन्याभरात मलाही तेच खरं वाटायला लागलं असतं. खऱ्याला यायला मग जागाच राहिली नसती.

चहा घेऊन आली तेव्हा ती शांत झाली होती. पट्टीवर ‘तोंडी’ एवढंच माझ्याकडून लिहून घेतलं, पुढे कोरं, आणि कूलरच्या चित्राखाली स्वतःच चिकटवली. नवीन चित्रांचा गठ्ठा मी पुढे केला तर बघितलासुद्धा नाही. “थे दादानं पायलेच नाईत,” ती म्हणाली. “त्याचं तुह्यं तू पाय.” ज्यासाठी एवढी एसटीनं गेले ते तिथंच राहिलं.

मार्चमध्ये वाचनालयात आठ दिवस चित्रं लागली. लोक लेखी वाचायचे, गंभीर व्हायचे, मग तोंडी वाचायचे. एक म्हातारे गृहस्थ, निवृत्त कारकूनच असावेत, एकटेच उभे राहून खांदे हलवत होते, आवाज न करता. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून लोकांचं हसणं ऐकायची. ज्याच्या वाक्यावर हसताहेत तो माणूस सोडून सगळे तिथं होते. नवीन चित्रांतलं एकच मी लावलं. तीन बाया सकाळी फिरायला म्हणून निघतात आणि मैदानाच्या दारातल्याच बाकावर बसतात, हात पदराखाली. खाली मी आपलं लिहिलं, ‘आज बाकडं पाहून घेऊ, उद्यापासून चालू.’ लेखी नाही, तोंडी नाही, नुसतंच. त्यावर दोन बाया हसल्या. एकीनं फोटो काढला. त्यांच्या वाक्याच्या पासंगालाही पुरत नाही, पण खोडलं नाही. बाकीची अजून कोरीच आहेत.

कूलरच्या चित्रासमोर लोक थांबायचे. तोंडीपुढे काही नाही म्हटल्यावर कुणी म्हणायचे लिहायला विसरल्या असतील, कुणी म्हणायचे हाच तर विनोद आहे. वाचनालयाच्या बाईंनी विचारलं, काकू, इथं काही लिहायचं राहिलं का? मी म्हटलं, हो, राहिलं.

नणंद आता दर आठवड्याला फोन करते. आधी तब्येत नाही, हवापाणी नाही.

“वहिनी, हे आयक. ‘कूलर त पिऊन राह्यला नाई, पायच पिऊन राह्यले.’”

मी डोळे मिटून ऐकते. मनातल्या मनात बशी समोर आणते, त्यांचा चष्मा कपाळावर चढवते, तोंड उघडतं तिथपर्यंत जाते. मग म्हणते, नाही, हे नाही. ती म्हणते, बरं, पुढच्या हप्त्यात. तिचे अंदाज दिवसेंदिवस चांगले व्हायला लागलेत. आवाजही तिचा फोनवर भावासारखाच लागतो, थोडा बसका. परवा फोन ठेवल्यावर मी तशीच बसून राहिले. एखाद्या दिवशी ती नेमकं तेच वाक्य बोलेल, आणि मी सवयीनं नाही म्हणेन. कदाचित एव्हाना तसं नाही म्हणूनही झालं असेल.